मावशीची अर्धी साक्ष

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मला कुणी हरवू शकेल असं वाटत नव्हतं. ही फुशारकी नाही, तेव्हा तसं होतंच. राजारामपुरीतल्या आमच्या घरी टीव्हीच्या वरच्या फळीवर माझ्या वक्तृत्वाच्या ढाली दाटीवाटीनं उभ्या असायच्या, आणि एका कपात आईनं सुया, रिळं आणि बटणं भरून ठेवली होती. स्टेजवर गेलं की माझा आवाज आपोआप खाली यायचा आणि समोरचा हॉल गप्प व्हायचा. हे आपल्याला येतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्याकडच्या वादविवाद स्पर्धेची रीत आधी सांगते. प्रत्येक कॉलेज दोघांचा संघ पाठवतं. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, तो अनुकूल. दुसऱ्यानं विरुद्ध बोलायचं, तो प्रतिकूल. म्हणजे आपल्याच जोडीदाराचं म्हणणं खोडून काढायचं. वैयक्तिक बक्षिसं वेगळी असतात, आणि दोघांच्या गुणांची बेरीज ज्या संघाची जास्त, त्याला फिरती ढाल.

त्या हिवाळ्यात सगळीकडं एकच विषय होता. एका हुकूमशहाचे दहशतवाद्यांशी संबंध असल्याचा संशय आहे, तेवढ्यावरून त्याच्या देशावर युद्ध करणं योग्य आहे का? त्या माणसाचं आणि त्याच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना ते सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी आजच्या पेपरातलं एखादं नाव घातलं तरी काही बिघडत नाही.

माझा जोडीदार कोडोलीचा होता. पहाटे म्हशींच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून तो पहिल्या एसटीनं कॉलेजला यायचा. गडी हुशार, आवाज असा की माईक नसला तरी चालेल. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. त्याला अनुकूल आलं, मला प्रतिकूल.

"मला मेल्याला नुसता संशयच आलाय की गं वाट्याला," तो म्हणाला. "संशयावर आठ मिनटं काय बोलू मी?"

मी हसले. मनातून खूश झाले होते, कारण माझी बाजू सोपी होती. शिवाय माझ्याकडं एक असं माणूस होतं जे महाराष्ट्रातल्या कुठल्याच स्पर्धकाकडं नव्हतं.

माझी मावशी त्या देशात अकरा वर्षं नर्स होती.

आईची ही धाकटी बहीण. माहेर शाहूवाडीकडचं, डोंगरातलं, भाताचं गाव. कोल्हापुरात नर्सिंग करून ती तिकडं गेली, राजधानीतल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात राहिली, आणि परत आली ती दोन सुटकेसा, एक जाड ब्लँकेट आणि बिनदुधाच्या चहाची सवय घेऊन. लग्न तिनं केलं नाही. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं तिचा छोटा फ्लॅट होता. तिकडच्याबद्दल ती कधी बोलायची नाही आणि आम्हीही विचारत नव्हतो. आमच्या भागात बायकाही 'मी गेलो, मी आलो' असंच म्हणतात. मी कॉलेजात गेल्यावर ते सोडलं. मावशीनं परदेशात राहूनही सोडलं नाही.

एका रविवारी दुपारी मी वही घेऊन तिच्याकडं गेले आणि विषय सांगितला. तिनं काचेच्या छोट्या पेल्यात काळा चहा ओतला, त्यात तीन चमचे साखर घातली आणि बराच वेळ ढवळत बसली.

"युद्ध म्हंजे काय त्ये विचारतीस व्हय?" ती म्हणाली. "मी गेलो तवा शेजारच्या देशाशी त्यांची लढाई चाललीच हुती. आपल्याला वाटतं पयलं माणूस मरतं. न्हाई. पयलं पाणी जातं. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडा. वॉर्डात चाळीस बाया बाळंतीण, आन् हात धुवायला पाणी न्हाई. आमी सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी साठवून ठेवायचो. माझ्यासंगं तिथलीच एक नर्स हुती, ती शिव्या घालत घालत चार जिने बादल्या चढवायची. तिनंच मला त्यांच्या भाषेतल्या सगळ्या शिव्या शिकवल्या."

मी भराभर लिहीत होते. हे सोनं होतं.

मग ती हुकूमशहावर आली. एकदा तो दवाखाना बघायला येणार होता. सगळ्या नर्सना उजाडायच्या आत ओळीत उभं केलं. खिशातली पेनं काढून घेतली, केसांतल्या पिनासुद्धा काढून घेतल्या. दुपारी तो आला, एका पोराच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि गेला.

"आमच्या वॉर्डला एक डॉक्टर हुता," मावशी म्हणाली. "लई हसवायचा. भिंतीवरनं साहेबाचा फोटो एकदा खाली पडला. डॉक्टर म्हणाला, 'बघा, साहेबांनाबी आता आराम पाहिजे.' एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याचा कोट खुंटीला हुता, त्यो नव्हता. तिसऱ्या दिवशी ड्युटीच्या तक्त्यावरनं त्याचं नाव गेलं. कुणी इचारलं न्हाई. मीबी न्हाई इचारलं."

 मी लिहायची थांबले.

"चौथ्या दिवशी त्याची बायको गेटवर आली. हातात जेवणाचा डबा. वॉचमन तिला सांगतोय, ह्या नावाचा डॉक्टर हितं कधी नव्हताच. तिनं माझ्याकडं बगितलं. तिच्या घरी मी दोनदा जेवलेलो. आन् मी खाली मान घालून आत गेलो."

चहा निवला होता. तिनं तो तसाच पिऊन टाकला.

"सांग तिथं हे," ती म्हणाली. "दोन्ही सांग. पाण्याचंबी आन् डॉक्टरचंबी."

घरी येऊन मी वही उघडली आणि पाण्याची गोष्ट स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. डॉक्टरची नाही. ती माझ्या कामाची नव्हती, ती समोरच्याच्या कामाची होती. दुसऱ्या दिवशी रिकाम्या वर्गात सराव करताना जोडीदारानं विचारलं, "मावशीकडं गेलतीस न्हवं? माझ्या उपयोगाचं काय गावलं का?"

"काही खास नाही," मी म्हणाले.

हे बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, हे मला आजही आठवतं.

स्पर्धा आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये होती. मावशी तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. जोडीदार आधी बोलला. त्यानं एक चांगला मुद्दा काढला होता: शेजारच्या बंद घरातून गॅसचा वास आला तर आपण पुरावा मागत बसत नाही, दार फोडतो. पण पुढं त्याच्याकडं काही नव्हतं. संशय, शक्यता, कदाचित, या तीन शब्दांवर तो आठ मिनिटं कसाबसा तरला. परीक्षक खाली बघून काहीतरी लिहीत होते.

मग मी. संशय म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, आणि पुराव्याशिवाय केलेली शिक्षा म्हणजे काय, हे मी तीन पायऱ्यांत मांडलं. शेवटी चाळीस बाळंतिणींचा वॉर्ड उभा केला आणि कोरडा नळ. टाळ्या वाजल्या. मला पहिलं बक्षीस मिळालं. ढाल मात्र सांगलीच्या एका कॉलेजनं नेली, आमच्यापेक्षा तीनच गुण जास्त मिळवून. जोडीदाराचे गुण कमी पडले होते.

हॉलच्या पायऱ्यांवर मावशी भेटली. जोडीदार शेजारीच उभा होता.

"डॉक्टरचं का न्हाई सांगितलंस?" तिनं विचारलं.

"कुठला डॉक्टर?" जोडीदार म्हणाला.

मावशीनं त्याला सगळं सांगितलं, तिथंच, पायऱ्यांवर. तो ऐकत गेला तशी माझी मान खाली गेली.

"हे तुला म्हाईत हुतं?" त्यानं मला विचारलं.

"हो."

"कवापासनं?"

"दहा दिवस झाले."

त्यानं पिशवी खांद्याला लावली. "माझी गाडी हाय," म्हणाला आणि फाटकाकडं चालू लागला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मावशीनं पर्सची चेन लावली. "तिकडं ज्ये करत हुते त्येच केलंस की तू," ती म्हणाली. "नको असलेला माणूस तक्त्यावरनं पुसून टाकलास."

 

चार दिवस जोडीदार वर्गात माझ्याशी बोलला नाही. सर म्हणाले, कोडोलीच्या वाचनालयाची खुली स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे, विषय तोच आहे, जायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. मी दुसऱ्या दिवशी कोडोलीची एसटी पकडली आणि विचारत विचारत त्याच्या घरी गेले. तो गोठ्याबाहेर म्हशीला पाणी मारत होता. मला बघून त्यानं पाइप खाली टाकला नाही, पण नळ बंद केला.

"काय पावणं, इकडं कुठं वाट चुकली?"

मी वही पुढं केली. या वेळी त्यात सगळं होतं. पेनं, पिना, फोटो, कोट, गेट, डबा.

"माझी कीव करायला आलीस व्हय?"

"नाही. चुकले, म्हणून आले. आणि दुसरं म्हणजे, तू नीट बोललास तर मला उत्तर द्यायला काहीतरी समोर असेल. त्या दिवशी मी कुणालाच हरवलं नव्हतं."

"आन् हे घेऊन मी तुला हरवलं तर?"

"तर हरले."

त्याची आई दारात आली, मला आत बोलावलं आणि न विचारता पुढ्यात धारोष्ण दुधाचा तांब्या ठेवला. तो संपेपर्यंत त्यानं वही वाचून काढली.

"तुझ्या मावशीला मला काय काय इचारायचंय," तो म्हणाला. त्यावरून तो स्पर्धेला येणार हे मी समजले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मावशीकडं बसलो. त्यानं माझ्यापेक्षा चांगले प्रश्न विचारले. मी फक्त माझ्या बाजूचं उचलायला गेले होते, तो ऐकायला आला होता. डॉक्टरला मुलं होती का? त्याच्या जागी कोण आलं? फोटो परत कुणी लावला? शेवटी त्यानं मुद्द्याचा प्रश्न विचारला.

"मावशी, अतिरेक्यांशी त्याचं साटंलोटं हुतं का? तुमाला कधी काय दिसलं?"

मावशीनं विचार केला. "सख्ख्या भावावर इस्वास नसल्याला माणूस त्यो. भायेरची बंदूकवाली पोरं घरात घेईल असं मला वाटत न्हाई. पण बाळा, मी वॉर्डातली नर्स. मी बगितलं न्हाई, एवढं सांगीन. नव्हतंच, असं न्हाई सांगणार."

पुढं मी वकिली केली. अनेक साक्षीदार ऐकले. आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही, याची रेघ इतकी सरळ ओढणारं माणूस फार क्वचित भेटलं.

कोडोलीच्या वाचनालयाचा हॉल भरून लोक बाहेर व्हरांड्यात उभे होते. उसाच्या तोडी चालू असतानाही माणसं आली होती, कारण पोरगं गावचं होतं. एक परीक्षक निवृत्त सुभेदार होते. मावशीला जोडीदाराच्या आईनं आपल्याजवळ बसवून घेतलं होतं.

या वेळी तो वेगळाच बोलला. आवाज चढवला नाही. पेनं काढून घेतलेल्या नर्सपासून सुरू केलं आणि गेटवरच्या बाईपाशी आला. "ती बाई डबा घेऊन उभी आहे," तो म्हणाला. "वॉचमन म्हणतो, असा डॉक्टर नव्हताच. आता माझी प्रतिकूल बाजू उठेल आणि म्हणेल, पुरावा आणा. ज्या राज्यात माणसाचं नावसुद्धा तक्त्यावर शिल्लक ठेवत नाहीत, तिथला पुरावा कोण आणणार? त्या बाईला आपण काय सांगायचं? थांब, आमची खात्री पटू दे?"

व्हरांड्यातलं एक माणूसही हललं नाही.  मी हे सगळं त्याला स्वतःच्या हातानं दिलं होतं.

मी उठले. तयार केलेली सुरुवात टाकून दिली.

"माझ्या जोडीदारानं सांगितलं ते सगळं खरं आहे," मी म्हणाले. "ती बाई खरी आहे. तो माणूस क्रूर आहे, हे मी मान्य करून टाकते, त्यावर वाद नाही. पण हे युद्ध त्या बाईसाठी चाललेलं नाही. युद्धाला निघालेल्यांनी तिचं नाव घेतलेलं नाही. ते म्हणतात, त्याचे दहशतवाद्यांशी संबंध आहेत असा आम्हाला संशय आहे. एखाद्यानं खून केला हे सिद्ध झालं म्हणून गावातला दरोडाही त्यानंच घातला असं कोर्ट मानत नाही. दरोड्याचा पुरावा दरोड्याचाच लागतो. आणि तो नसताना तुम्ही बॉम्ब टाकलात, तर नळ त्याच्या राजवाड्यातला कोरडा पडणार नाही. त्या बाईच्या घरातला पडेल. नवरा त्यानं नेला, पाणी आपण न्यायचं का?"

मला माझी बक्षीस मिळालेली भाषणं फारशी आठवत नाहीत. हे आठवतं. त्यात मी काही लपवलं नव्हतं, आणि लपवायला काही नसलं की माणूस किती मोकळं बोलतं हे मला त्या स्टेजवर कळलं.

पहिला तो आला, दुसरी मी, आणि ढाल आमची. सुभेदार माईकवर म्हणाले, "पोरीचं बरोबर हाय. मी लढाई बघितलीया, मला तिचं पटलं. पण ह्या पोरानं सांगितलेली बाई मला आता झोपू द्यायची न्हाई. म्हणून त्याला एक गुण जास्त दिला."

त्याच्या घरी जेवायला बसलो तेव्हा जोडीदारानं मावशीला विचारलं, "तुमी सांगा, कुणाचं खरं?"

"त्यो जावा असं मला रोज वाटतं," मावशी म्हणाली. "सकाळी उठल्याउठल्या वाटतं. पण त्यासाठी माझ्या वॉर्डावर बॉम्ब टाका असं माझ्या तोंडातनं यायचं न्हाई. मग कसा जायचा त्यो, ते मला इचारू नकोस. मला ठावं न्हाई. भाकरी वाढा त्याला."

युद्ध झालं. आमच्या परीक्षा चालू होत्या. पेपर झाला की आम्ही दोघं मावशीच्या फ्लॅटवर टीव्हीसमोर जाऊन बसायचो. राजधानी पडली त्या दिवशी लोक त्याच्या तसबिरी चपलेनं बडवत होते. मावशी उठून उभी राहिली आणि तिनं मोठ्यानं त्यांच्या भाषेतली एक शिवी हासडली. मग ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. जोडीदारानं माझ्याकडं बघितलं. जिंकल्यासारखं नव्हे, पण बघितलं.

थोड्या वेळानं त्याच बातम्यांत माणसं एका दवाखान्यातून खाटा आणि गाद्या ओढून नेताना दिसली. मावशी पडद्याजवळ गेली. "हा आमचा जिना," म्हणाली. आणि टीव्ही बंद केला.

ज्या संबंधांवरून सगळं सुरू झालं होतं, त्याचा पुरावा पुढं कुणी समोर ठेवला नाही. माझं बरोबर होतं. ते सांगायला मी जोडीदाराला मुद्दाम फोन केला, आणि तो म्हणाला, "मला म्हाईत हाय. बोल पुढं."

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. मावशी राजारामपुरीतल्या एका आयएसडी बूथवर दर आठवड्याला जाऊन दवाखान्याचा जुना नंबर लावायची. कितीतरी महिने नुसती रिंग जायची. एके दिवशी तिकडून कुणीतरी उचलला, आणि त्या माणसानं बादल्या चढवणाऱ्या त्या नर्सचा पत्ता लावून दिला. ती जिवंत होती. तिनं सांगितलं की मारलेल्या माणसांच्या याद्या तिकडं भिंतींवर लागल्यात आणि त्यात आपल्या डॉक्टरचं नाव निघालं.

मावशीनं तिला एक निरोप दिला. त्याच्या बायकोला शोध आणि सांग, गेटवर मी तुला बघितलं होतं आणि आत निघून गेले. त्याची माफी मागते.

उत्तर यायला दोन महिने लागले. मावशी बूथवरून तडक आमच्या घरी आली, चपला न काढता दारातच उभी राहिली आणि आईला म्हणाली, "ती म्हणाली, तू आत गेलीस ते बरं केलंस, न्हाईतर त्या भिंतीवर तुझंबी नाव वाचलं असतं मी." मग दारातच खाली बसली आणि रडली. आम्ही तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

युद्ध झालं नसतं तर ती यादी तेव्हा भिंतीवर लागली नसती, हे मला कळतं. जोडीदार आता पन्हाळा तालुक्यात शेती बघतो, एक शाळा चालवतो, आणि जगात कुठंही नव्या हुकूमशहावर नवा संशय निघाला की त्याचा मला फोन येतो. "यादीचं काय मग?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. मी त्याचं उत्तर टाळत नाही. म्हणते, ती यादी युद्धाचं फळ आहे हे खरं, पण त्यानंतर ज्या नव्या याद्या झाल्या त्यांचं काय, आणि त्यांतली किती माणसं आजही कुणी मोजलेली नाहीत? त्यावर त्याच्याकडं पुढचा मुद्दा तयार असतो. तासभर तरी जातो.

मी अजून प्रतिकूलच आहे. संशयावरून कुणाच्या देशावर बॉम्ब टाकू नये, असं मला तेव्हा वाटत होतं त्याहून जास्त आज वाटतं. फरक इतकाच, की तेव्हा मला समोरच्याची बाजू कच्ची असावी असं वाटायचं. आता मी त्याला म्हणते, तू आधी बोल, आणि काही राखून ठेवू नकोस.